फळ्यावरचे तीन रकाने

आमच्या वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर सहा फूट बाय चार फुटांचा फळा आहे. त्यावर रोज सकाळी खडूने तीन रकाने भरले जातात. डावीकडे राजकारणावर कोण काय म्हणालं, मधे विज्ञान, उजवीकडे प्राणी. हे काम माझ्याकडे आहे. मी पेंटर. जुन्नर तालुक्यातल्या या पट्ट्यात दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, सोसायट्यांची नावं आणि निवडणुकीच्या भिंती रंगवून मी संसार केला. मग फ्लेक्स आला आणि अक्षर काढणाऱ्या माणसाला कोणी विचारेना. त्याच सुमारास वाचनालयात फळा लिहिणाऱ्या गुरुजींचा हात थरथरायला लागला होता. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "पेंटर, बसून राहण्यापेक्षा फळा तरी लिहा." मानधन चहापुरतं. मी हो म्हणालो.

गुरुजींच्या काळी फळ्यावर सुविचार, दिनविशेष आणि गावातली निधनवार्ता एवढंच असायचं. तीन रकाने पुढे पडले, ते फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसांमुळे. सकाळी सात-साडेसातला कट्ट्यावरची निवृत्त मंडळी येतात. आत पेपर असतात, पण एक पेपर एकाच्याच हातात आणि तो सोडत नाही. त्यांना अग्रलेखात काय आलंय ते हवं असतं. त्यांच्या मागोमाग अभ्यासिकेतली पोरंपोरी, एमपीएससीची तयारी करणारी. त्यांना चालू घडामोडी हव्यात आणि त्यातही विज्ञान, कारण तेच त्यांना अवघड जातं. दहाच्या आत शाळेची मुलं. त्यांच्यासाठी प्राणी. आता खरं सांगायचं तर प्राण्यांचा रकाना सगळेच आधी वाचतात. आजोबा लोक नजर डावीकडे ठेवून उभे असतात, पण डोळे उजवीकडे गेलेले मी पाहतो.

लिहिण्याची तयारी आदल्या रात्री सुरू होते. खडू साखरेच्या पाण्यात भिजत टाकायचे. असा खडू सकाळी ओलसर असताना चालवला की रेघ ठसठशीत उमटते, वाळली की पांढरी फटक दिसते आणि मुलांनी कोपराने घासली तरी पटकन पुसली जात नाही. फळा आधी कोरड्या फडक्याने पुसायचा, मग ओल्याने, आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. दोरीला खडूची पूड लावून दोन्ही टोकांना ताणून टिचकी मारली की सरळ रेघ पडते, ती शिरोरेषेसाठी. अक्षर दोन इंची, कारण रस्त्याच्या पलीकडच्या रिक्षावाल्यालाही वाचता आलं पाहिजे. या मापात एका रकान्यात दहा-अकरा ओळी बसतात आणि एका ओळीत तीन-चार शब्द. म्हणजे हजार शब्दांचा अग्रलेख बारा-पंधरा शब्दांत आणायचा. पाटी रंगवताना मी हेच करत आलो होतो. 'आमच्याकडे सर्व प्रकारचे शेतीउपयोगी पंप दुरुस्त करून मिळतील' असं सांगणाऱ्या मालकाला 'पंप दुरुस्ती'वर आणायला निम्मा दिवस जायचा.

पेपरचं पार्सल पुण्याहून पहाटे येतं. सहाला मी गठ्ठा सोडतो आणि सगळे अग्रलेख उभ्याउभ्या वाचतो. पहिल्या रकान्याचा नियम मॅडमनी घालून दिला. कोण म्हणतंय ते आधी, काय म्हणतंय ते नंतर, आणि आपलं विशेषण एकही नाही. मी त्यात भर घातली ती अशी, की ज्याचं म्हणणं लिहिलंय तो माणूस उद्या फळ्यासमोर उभा राहिला तर त्याने मान हलवली पाहिजे. आपल्याला न पटणाऱ्या माणसाचं म्हणणं त्याच्या बाजूने लिहिणं फार जड जातं. हात आपोआप त्यातला सगळ्यात पडका मुद्दा उचलतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा शासन निर्णय आला, जूनमध्ये तो बदलला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. त्या अडीच महिन्यांत राजकारणाचा रकाना याच विषयाने भरून जायचा. माझं मत एका बाजूला पक्कं होतं, ते कोणतं हे गावाला माहीत आहे. तरी दुसऱ्या बाजूचा लेख मी दोनदा वाचायचो, कारण पहिल्या वाचनात मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडत असायचो आणि भांडताना त्याने काय लिहिलंय ते दिसत नसे.

दुसरी अडचण निव्वळ जागेची. २०२३ च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांच्याकडे दिला. पुढच्या वर्षी राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवारांकडे गेलं. तोपर्यंत पक्षाचं नाव हा एक शब्द होता. आता 'शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)' एवढं लिहिलं की दीड ओळ संपली, बातमी पुढेच. आखूड करावं तर 'उबाठा' म्हटलं की कट्ट्यावरचे दोघं उठून उभे राहतात, 'शिंदे गट' म्हटलं की दुसरे दोघं. 'शरद पवार गट' आणि 'अजितदादा गट' यांची हीच तऱ्हा, आणि आमच्या भागात तर एकाच घरात दोन्ही. शेवटी पक्ष लिहिणंच सोडलं. नुसती माणसांची नावं लिहितो: ठाकरे म्हणाले, शिंदे म्हणाले. मग 'कोणते ठाकरे?' असं विचारणारे निघाले. त्यावर उपाय नाही.

आचारसंहिता लागली की हा रकाना आकसतो. वाचनालय अनुदानावर चालतं, त्यामुळे कार्यकारिणी घाबरते, आणि मीही हुज्जत घालत नाही. त्या दिवसांत डावीकडे मतदानाची तारीख, वेळ आणि ओळखपत्रांची यादी.

विज्ञानाच्या रकान्याला गुरू भेटला तो योगायोगाने. आमच्यापासून जवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मध्यभागी आणि सोळा तीन बाजूंना लांबवर पसरलेल्या. शेतात फिरताना त्या एकाच वेळी आभाळाकडे मान वळवताना दिसतात, आणि इथल्या पोरांना त्याचं काही वाटत नाही इतकी सवय आहे. तिथे नोकरी करून निवृत्त झालेले एक साहेब वाचनालयाचे सभासद आहेत. ते रोज फळ्यासमोर थांबायचे, मधला रकाना वाचायचे आणि काहीही न बोलता निघून जायचे. एके सकाळी मी विचारलं, "साहेब, चुकलंय का?" ते म्हणाले, "चुकलं नाही. पण हा प्रयोग उंदरांवर झालाय हे पेपरवाल्याने शेवटच्या ओळीत लिहिलंय आणि तुमच्या फळ्यावर शेवटची ओळ मावत नाही."

तेव्हापासून विज्ञानाची बातमी घेताना मी शेवटून वाचतो. कोणी केलं, कुठे केलं, कशावर केलं आणि किती जणांवर केलं, ही चार उत्तरं सापडली तर बातमी फळ्यावर. 'शास्त्रज्ञांचा दावा' एवढ्यावरच संपणारी बातमी घ्यायची नाही. निम्म्या बातम्या इथेच गळतात. अभ्यासिकेतली एक मुलगी, बी.एस्सी. झालेली, मोबाइलवर मूळ इंग्रजी निवेदन काढून देते. मराठी बातमीत 'शोधला' असतं तिथे मूळ निवेदनात बहुतेक वेळा 'शक्यता दिसते' असं असतं, हे आम्हाला तिघांना हळूहळू कळत गेलं.

२९ जून २०२३ ची बातमी या बाबतीत आठवते. विश्वभर गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांची, एक मंद पार्श्वभूमी असावी, असे पुरावे जगातल्या वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी जाहीर केले. स्पंदक तारे घड्याळासारखे नियमित रेडिओ ठोके देतात, ते ठोके वर्षानुवर्षं मोजायचे आणि त्या ठोक्यांतली सूक्ष्म मागेपुढे शोधायची, असं ते काम. त्यातल्या युरोपीय आणि भारतीय गटाच्या निष्कर्षात खोडदच्या दुर्बिणीची निरीक्षणं होती. गावात आनंद. मी फळ्यावर 'खोडदच्या दुर्बिणीने विश्वाचा आवाज ऐकला' असं लिहायला घेतलं होतं. साहेब मागे उभे. म्हणाले, "आवाज नाही, ऐकला नाही आणि एकट्या खोडदने नाही." मी विचारलं, मग उरलं काय? त्यांनी खडू हातात घेतला. आयुष्यभर तिथे काढलेल्या माणसाने स्वतःच्या कामाची बातमी जितकी साधी लिहिता येईल तितकी साधी लिहिली: 'गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचा पुरावा. अनेक देशांच्या दुर्बिणी, त्यात खोडद. खात्रीसाठी अजून निरीक्षणं लागणार.' अक्षर अगदीच वेडंवाकडं होतं. दिवसभर मी ते तसंच ठेवलं.

जी बातमी सगळ्यांना आधीच माहीत असते तिचं काय करायचं, हा वेगळा प्रश्न. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चंद्रयान उतरलं, तेव्हा अख्खं गाव टीव्हीसमोर होतं. दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर लिहून कोणाला काय मिळणार? मी लिहिलं की यानाला काम करायला चंद्राचा एकच दिवस आहे आणि तो आपल्या चौदा दिवसांचा असतो. मग त्या दोन आठवड्यांत पोरं रोज येऊन विचारायची, आता किती राहिले.

आणि जी बातमी कोणालाच कळलेली नसते, तिचं काय? २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. वाचनालय टाळेबंदीत बंद होतं, पण फळा बाहेर आणि माझं घर समोरच, त्यामुळे लिहिणं चालू होतं. मोबाइलवर तऱ्हेतऱ्हेची कारणं फिरत होती, त्यात करोनाही आला, ग्रहणही आलं. मी फक्त एवढंच लिहिलं, की पाणी गुलाबी झालंय, नमुने तपासायला गेलेत. दोन माणसांनी वाटेत अडवून विचारलं, "कारण लिहिलं नाही?" पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हे झालं असं सांगितलं. पाणी आटून खारटपणा वाढला, तसे हे जीव फोफावले. तेही फळ्यावर गेलं. पण तोपर्यंत लोकांचा विषय बदलला होता. उत्तर यायला वेळ लागतो आणि उत्तराला वाचक कमी मिळतात, हे मधल्या रकान्याचं दुखणं आहे.

आता प्राणी. राजकारणाच्या रकान्यात एक काना चुकला तरी चार जण सांगायला येतात. विज्ञानाला साहेब आहेत. प्राण्यांच्या रकान्यात काहीही लिहा, कोणी हरकत घेत नाही, उलट फोटो काढून पुढे पाठवतात. म्हणून सर्वांत जास्त वेळ मला तिथेच लागतो.

अण्णा आमचे अध्यक्ष. त्यांनी एकदा मोबाइलवर आलेली गरुडाची गोष्ट फळ्यावर घ्यायला सांगितली. तुम्हीही वाचली असेलच. गरुड सत्तर वर्षं जगतो, चाळिसाव्या वर्षी त्याची चोच आणि नखं झिजतात, मग तो डोंगरावर जाऊन चोच खडकावर आपटून तोडतो, नवी चोच येईपर्यंत वाट बघतो, मग तिने नखं उपटतो आणि पुढची तीस वर्षं नव्या दमाने जगतो. निवृत्तांना ही गोष्ट फार आवडते. मी म्हटलं, "अण्णा, जरा विचारून घेतो." "यात विचारायचं काय? चांगला संदेश आहे." पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हैस तपासत होते, हात कोपरापर्यंत आत, तशातच त्यांनी समजावलं. चोचीच्या आत हाड असतं, वरचं कवच नखासारखं सतत वाढत राहतं आणि वापराने झिजत राहतं. टोक तुटलं तर भरून येऊ शकतं. पण मुळापासून तुटली तर ती परत येत नाही, आणि चोचीशिवाय शिकारी पक्ष्याने खायचं काय? तो उपाशी मरेल. सत्तर वर्षांचं तर सोडाच, मोठे गरुड रानात वीस-तीस वर्षं जगले तरी पुष्कळ.

मी ती गोष्ट फळ्यावर घेतली. वरच्या चार ओळींत गोष्ट, खालच्या चार ओळींत डॉक्टरांचं म्हणणं. अण्णा काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांची बाजू मला समजते. त्यांना गरुडाशी देणंघेणं नव्हतं, साठीनंतरच्या माणसाला उमेद द्यायची होती. पण त्यासाठी पक्ष्याला दगडावर चोच आपटायला का लावायची? खऱ्या प्राण्यांच्या गोष्टी याहून कमी नसतात. गुहागरच्या किनाऱ्यावर २०२५ च्या जानेवारीत एक ऑलिव्ह रिडले कासवीण अंडी घालायला आली. तिच्या पंखाला खुणेचा बिल्ला होता. तो ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर २०२१ मध्ये लावलेला. म्हणजे बंगालच्या उपसागरातली बाई देशाला वळसा घालून कोकणात बाळंत झाली. किंवा यवतमाळकडच्या टिपेश्वरच्या जंगलातून निघून मराठवाडा, तेलंगण तुडवत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेलेला वाघ. त्याच्या गळ्यातल्या, ठावठिकाणा कळवणाऱ्या पट्ट्यामुळे सगळा मार्ग नोंदला गेला. हे लिहिलं त्या दिवशी शाळेच्या मुलांनी वाचनालयातला नकाशा मागितला.

कधीकधी एकच बातमी तिन्ही रकान्यांत हक्क सांगते. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कोयनेच्या भागातल्या मांजऱ्या सापाची नवी जात जाहीर झाली. बेडकाची अंडी खाणारा हा साप. त्याला नाव दिलं उद्धव ठाकरे यांचे पुत्र तेजस ठाकरे यांचं, कारण तो पहिल्यांदा त्यांच्या नजरेस पडला होता. विधानसभेची निवडणूक महिन्यावर. मी खडू घेऊन फळ्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. डावीकडे लिहिलं तर साप बिचारा राजकारणात जातो, उजवीकडे लिहिलं तर लोक म्हणणार पेंटरने पक्षाचा प्रचार गंमतीच्या रकान्यात घुसवला. मधे लिहिलं. नाव शेवटच्या ओळीत आणि बेडकाच्या अंड्यांना पहिली ओळ. तरी त्या दिवशी कट्ट्यावर सापाबद्दल एक अक्षर कोणी बोललं नाही.

या सगळ्यात बिबट्याला कुठे बसवायचं, हा प्रश्न आमच्या तालुक्याच्या बाहेरच्या माणसाला पडणार नाही. इथे तो जंगलात राहत नाही, उसात राहतो. उसातच पिल्लं होतात, तोडणी सुरू झाली की फडात सापडतात. मग वनखात्याची आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातली माणसं येऊन ती पिल्लं रात्री त्याच जागी ठेवतात आणि आई घेऊन जाते का ते बघत बसतात. अशा बातम्या मी पूर्वी उजव्या रकान्यात हौसेने लिहायचो. 'आजोबा' नावाच्या बिबट्याची हकिगतही तिथेच लिहिली होती. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला हा म्हातारा नर बाहेर काढून, गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडला, तर तो चालत चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर, वाटेत महामार्ग, रेल्वे, खाडी. दोन वर्षांनी महामार्गावर गाडीखाली मेला. मुलांना ही गोष्ट इतकी आवडायची की मी ती दरवर्षी पुन्हा लिहायचो.

२०२५ च्या दिवाळीच्या आगेमागे शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या बाजूला बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. लोकांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला. शेतात जाणाऱ्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालायला लागल्या. त्याच दिवसांत उजव्या रकान्यात आजोबाची गोष्ट होती. मळ्यातून डेअरीला दूध घालायला आलेला एक जण फळ्यासमोर थांबला. ओळखीचा, त्याच्या ट्रॅक्टरवरचं नाव मीच रंगवलेलं. म्हणाला, "पेंटर, आमच्याकडं अंधार पडला की पोरं घरात कोंडून ठेवतोय आम्ही, आणि तुम्ही बिबट्याचं कवतिक लिवताय. रातच्याला लाइट येती, मी दारं धरायला जाऊ का नको, ते लिवा की फळ्यावर." मी काही बोललो नाही. त्याने सांगितलेलं सगळं खरं होतं. शेतीपंपाला वीज रात्रीची असेल तर माणूस पाणी द्यायला अंधारात उसाच्या कडेला वाकून उभा राहणार. वाकलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही, असं वनखात्याचे लोकही सांगतात. मग ही प्राण्यांची बातमी कशी? ही विजेच्या वेळापत्रकाची बातमी आहे, डावीकडची.

त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली. मोबाइलवर फोटो आला: आमच्या एसटी स्टँडसमोर, दुकानांच्या रांगेपुढे बिबट्या उभा. रात्रीची वेळ, दिवे लागलेले, अंगावरचे ठिपके एकूणएक बरोबर. तासाभरात गाव बंद व्हायला आलं. लोक बिबट्याकडे बघत होते. मी मागच्या पाटीकडे बघत होतो, कारण त्या रांगेतल्या निम्म्या पाट्या माझ्या हातच्या आहेत. फोटोतल्या पाटीवर अक्षरं होती, पण वाचता येत नव्हती. एक वेलांटी होती आणि तिच्या खाली अक्षरच नव्हतं. शिरोरेषा दोन अक्षरांनंतर वाकून खाली गेलेली. 'स्टो' लिहायला घेतल्यासारखं काहीतरी, त्याला दोन काने आणि शेपटी. अशी पाटी दारू पिऊन चढलेला पेंटरसुद्धा रंगवणार नाही. वनरक्षकाला फोन लावला. तो आधीच वैतागलेला, सकाळपासून अशाच फोटोंच्या मागे धावत होता. स्टँडवर ना ठसे, ना कोणी पाहिलेलं. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'स्टँडसमोरचा बिबट्या खोटा. फोटो यंत्राने बनवलेला. मागची पाटी वाचून बघा.' संध्याकाळपर्यंत पोरं मोबाइल घेऊन स्टँडवर उभी, खरी पाटी आणि फोटोतली पाटी ताडून बघत. ही युक्ती फार दिवस चालणार नाही, यंत्र उद्या वेलांटी शिकेल. म्हणून वनरक्षकाचा नंबर मी आता खडूच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे.

दुसऱ्या दिवशी मी दोरी ताणून आणखी एक उभी रेघ मारली. अरुंद रकाना, सगळ्यात डावीकडे, मथळा नाही. त्यात फक्त बिबट्या. कुठल्या शिवारात दिसला, वनखात्याने खात्री केली का, पिंजरा कुठे लावला, वस्तीवर वीज किती ते किती. मादी बिबट्यांच्या गर्भनिरोधाच्या प्रयोगाला केंद्राची मान्यता मिळाली ती बातमी तिथे, म्हणजे विज्ञान. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात आमचे आमदार शरद सोनवणे बिबट्यांच्या बंदोबस्ताच्या मागणीसाठी बिबट्याचा वेश करून विधानभवनात गेले तेही तिथे, म्हणजे राजकारण. बिबटे वस्तीत येऊ नयेत म्हणून जंगलात शेळ्या सोडायची कल्पना वनमंत्री गणेश नाईक यांनी मांडली, तिच्यावर दोन बाजूंचे लेख आले, तेही दोन्ही तिथे. कट्ट्यावर वेशाबद्दल दोन तट पडले. एक म्हणे थट्टा केली, दुसरा म्हणे त्याशिवाय नागपुरात आपल्याकडे कोण बघतं? मी फळ्यावर फक्त वेश आणि मागणी लिहिली. दूधवाला आता रोज थांबतो, चौथा रकाना वाचतो आणि जातो. आजोबाची गोष्ट सध्या लिहीत नाही. मुलं विचारतात. पुढे केव्हातरी लिहीन.

चौथ्या रकान्यामुळे बाकीचे तीन अरुंद झाले आणि विज्ञानाच्या तीन ओळी गेल्या. अभ्यासिकेतल्या पोरांनी सूचना वहीत तक्रार लिहिली आहे: 'परीक्षा तोंडावर असताना चालू घडामोडी कमी केल्या आहेत. बिबट्यासाठी स्वतंत्र फळा घ्यावा.' खाली सह्या, त्यात त्या बी.एस्सी.वाल्या मुलीचीही. त्याखाली अण्णांचा शेरा आहे: 'पेंटरांशी बोलून घ्यावे.' नव्या फळ्याचा दर मी काढून आणला आहे, प्लायवूड आणि काळा रंग धरून. अजून बोलायला कोणी आलेलं नाही.